तीन घरचं पाणी

छबुबाईने डोक्यावर घेतलेली मोळी आजवर कधी सुटलेली नाही, हे तिच्या टोळीतलं कुणीही शपथेवर सांगेल. उसाची मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढायचं म्हणजे पोरखेळ नव्हे. मधेच बंध सुटला तर मागून येणाऱ्याचं कपाळ फुटायचं. म्हणून सगळेच मोळी आवळून बांधतात. छबुबाई मात्र बांधलेल्या मोळीला वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पात्याचा, आणखी एक पीळ देते. बायका हसतात, मुकादम "आवरा, आवरा" करत ओरडतो, आणि तिचा नवरा रामहरी मान हलवून पुढे चालू लागतो. ती कुणाचंही ऐकत नाही. अशी ही बाई, कामाला वाघीण आणि स्वभावाने पक्की संशयी.

शिरूर कासारच्या पुढे तासाभराच्या वाटेवर तिची वस्ती. वीस-पंचवीस उंबरे, एक हापसा, एक पिठाची गिरणी, एक अंगणवाडी. दिवाळीचे दिवे विझले की निम्म्याहून जास्त दारांना कुलपं लागतात आणि माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. रामहरी आणि छबुबाई या जोडीचे एकवीस हंगाम झाले. मुलगा सतीश पुण्याकडे कंपनीत, मुलगी मोहिनी आष्टीला दिलेली. त्यामुळे ही दोघं निघाली की घरात मागे चिटपाखरू उरत नाही.

पाच महिने बंद राहिलेलं घर तुम्ही उघडलंय का कधी? छबुबाईने एकवीस वेळा उघडलं. तुळस काडी होऊन उभी असायची. कढीपत्ता एकदा जगला होता, तो कुणाच्या तरी शेळीने संपवला. दरवर्षी गुढीपाडव्याच्या आसपास ती घरी यायची, कुलूप काढायची, आणि आपण आलो याचं कुणालाही काही वाटलेलं नाही असं तिला वाटायचं. ती बोलून दाखवत नसे. पण आल्या आल्या अर्धा दिवस ती अंगण झाडत राही, आणि तेवढा वेळ रामहरीसुद्धा तिच्या वाटेला जात नसे.

सोनचाफ्याचं रोप तिला कृष्णाकाठी मिळालं. त्या हंगामात टोळीच्या खोप्या एका मास्तरांच्या घरामागे पडल्या होत्या. मास्तरांच्या अंगणात सोनचाफ्याचं जुनं झाड होतं आणि त्याच्याखाली पाखरांनी टाकलेल्या बियांची रोपं गवतासारखी उगवत. मास्तरांच्या बायको विजयमालाबाई ती उपटून फेकत होत्या. छबुबाईने त्यातलं एक मागितलं.

"तुमच्या दुष्काळात हे कसलं जगतंय?" विजयमालाबाई म्हणाल्या.

"आमच्याकडं माणसं जगतेत की बाई. झाड बी जगंल."

तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेलं ते वीतभर रोप हंगाम संपल्यावर ट्रॉलीतून वस्तीवर आलं. रस्ताभर छबुबाईने डबा मांडीवर धरला होता. अंगणात मातीखाली लगेच खडक लागतो, म्हणून रामहरीने दोन दिवस पहार मारून कमरेइतका खड्डा केला. त्यात ओढ्याकाठची काळी माती आणि शेणखत भरलं, आणि चाफा लावला. बियांचं झाड लवकर फुलत नाही. वस्तीतली माणसं विचारायची, "काय छबुबाई, आलं का फूल?" आणि हसायची. ती हसू द्यायची.

खरा प्रश्न त्या पाच महिन्यांचा होता. तो सोडवला शेजारच्या चंद्रभागाबाईने. सत्तरीला आलेली, एकटी राहणारी, स्वतःच्या औषधाची वेळ विसरणारी ही म्हातारी चाफ्याची वेळ मात्र विसरत नसे. दर तिसऱ्या दिवशी एक कळशी. छबुबाईने झाडाच्या आळ्यात उसाच्या पाचटाचा जाड थर अंथरलेला असे. ओल उडू नये म्हणून उसाच्या फडात करतात तसंच. त्या पाचटावर म्हातारी पाणी ओतायची, झाडाशी दोन शब्द बोलायची आणि घरी जायची. अशी सहा वर्षं गेली आणि झाड घराच्या पत्र्याच्या वर निघालं.

मग गेल्या वर्षीच्या श्रावणात त्याला फुलं आली. अकरा. सकाळी दार उघडल्याबरोबर वास नाकात शिरला आणि छबुबाई उंबऱ्यावरच खाली बसली. आपल्या दारात, या खडकात, हे घडलं याचा तिला इतका आनंद झाला की रामहरीला हाक मारायचंही सुचेना. त्या दिवशी तिने घरोघरी एकेक फूल वाटलं. पहिलं चंद्रभागाबाईला दिलं.

आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ भीती शिरली. इतके दिवस ते नुसतं झाड होतं. आता ते फुलणारं झाड होतं, त्याला काही झालं तर सहन होणार नव्हतं. चंद्रभागाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती पडली तर? आजारी पडली तर? झालं, छबुबाईच्या डोक्यात किडा वळवळला. दिवाळीनंतर निघताना तिने नेहमीप्रमाणे म्हातारीला सांगितलं. मग हळूच दीपमालाकडे गेली. दीपमाला अंगणवाडीची सेविका, बुद्धविहाराशेजारी राहणारी, शब्दाला पक्की बाई. तिला छबुबाई म्हणाली, "मावशीला दिसत न्हाई गं. तू रोज सकाळी कळशीभर टाकत जा. पण तिला कळू देऊ नको, वाईट वाटंल." एवढ्यावरही तिचं समाधान होईना. ट्रॅक्टर सुटायला तासभर राहिला असताना ती गिरणीवाल्या अजिनाथकडे गेली आणि त्यालाही तेच सांगितलं. दुपारी गिरणी बंद केली की एक बादली. "बायकांच्या ध्यानात राहत न्हाई भाऊजी. तुमी तेवढं बघा. अन् कुणाला बोलू नका."

तीन माणसांपैकी एक तरी विसरणार नाही, असा तिचा हिशेब होता. तिघांपैकी कुणीच विसरलं नाही.

या पाडव्याच्या दोन दिवस आधी छबुबाई परत आली. ट्रॉलीतून उतरली ती सामान रामहरीवर टाकून थेट अंगणात गेली. चाफा पिवळा पडला होता. निम्मी पानं खाली, उरलेली लोंबकळत होती. शेंड्याच्या फांद्या काळ्या पडत चालल्या होत्या. 

तिला एकच सुचलं. कुणी पाणी घातलं नाही. तिघांना सांगूनही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हापशावर दहा बायकांच्या समोर तिने दीपमालाला गाठलं.

"घोटभर पाणी जड झालं व्हय गं तुला?"

दीपमालाची घागर अर्धी भरलेली होती. "काकू, रोज घातलंय मी. एक दिवस खाडा केला न्हाई."

"रोज घातलं असतं तर झाड असं वाळलं असतं? पोरांना खरं बोलायला शिकवतीस अन् सोता खोटं बोलतीस?"

दीपमालाचे डोळे भरून आले. अर्धीच घागर उचलून ती निघून गेली. छबुबाई तिथून गिरणीवर गेली. अजिनाथने पिठाचा हात कपाळाला लावून शपथ घेतली, "आधी झाड, मग माझी भाकर. पानं पिवळी व्हाया लागल्यापासून तर दोन-दोन बादल्या घातल्यात वैनी." तिला तेही खरं वाटलं नाही. जगात भरवसा ठेवण्यासारखं माणूसच उरलं नाही, असं मोठ्याने म्हणत ती घरी आली, तर कुंपणाला धरून चंद्रभागाबाई उभी होती.

"छबू," म्हातारी म्हणाली, "कावून वाळलं गं ते? पानं गळाया लागली तशी तिसऱ्या दिवसाची कळशी मी रोजची केली. झाड तहानलंय वाटलं मला. अंघोळीचं पाणी बी त्यालाच घातलं."

म्हातारी खोटं बोलत नाही, हे छबुबाईला माहीत होतं. मग तिने पदर खोचला, खुरपं घेतलं आणि आळ्यातलं पाचट बाजूला केलं. खुरपं मातीत मुठीपर्यंत बुडालं. खाली माती नव्हतीच, चिखल होता. आणि त्याला आंबूस वास येत होता.

तो वास तिच्या ओळखीचा होता. कृष्णाकाठी पाटाच्या खालच्या अंगाला एक फड होता. पाणी साचून साचून तिथला ऊस पिवळा पडला होता, आणि तोडताना बुडख्यापाशी असाच वास यायचा. "जादा पाण्यानं जमीन गेली," असं मालक सांगत होता, तेव्हा छबुबाई आणि रामहरी तोंडाला पदर-पंचा लावून हसले होते. पाण्यानं कुणी मरतं का? आपल्याकडे पाठवा म्हणावं. आता त्याच वासात ती स्वतःच्या अंगणात बसली होती. खडकात खोदलेला खड्डा म्हणजे रांजणच. त्यात तीन घरचं पाणी रोज पडत होतं, बाहेर जायला वाट नव्हती आणि वरून पाचट असल्याने ओल कुणाच्या नजरेला पडत नव्हती. पानं गळू लागली तेव्हा तिघांनीही तेच केलं जे या मुलखातला कुणीही करेल. आणखी पाणी घातलं. स्वतःच्या वाटणीचं काढून घातलं.

छबुबाई त्या चिखलात बसून रडली. झाड चाललं याचं दुःख होतंच. पण तिला त्याहून लाज वाटत होती. तिने तिघांवर अविश्वास दाखवला, आणि तिघंही तिच्या शब्दाला जागली होती.

इथे दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. झाडाला रोग लागला, असं सांगून मोकळं झालं असतं, आणि ते खपूनही गेलं असतं. छबुबाईने त्याच संध्याकाळी तिघांना अंगणात बोलावलं. तिघं झाडापाशी एकत्र उभी राहण्याची ती पहिलीच वेळ.

"तुमी तिघंबी खरं बोलताय," ती म्हणाली. "तिघांनीबी पाणी घातलं. मीच एकेकाला चोरून सांगितलतं. झाडाची मुळं सडलीत. ती तुमच्या पाण्यानं न्हाई, माझ्या संशयानं सडलीत."

अजिनाथला हसूच फुटलं. दीपमाला हसली नाही. "काकू," ती म्हणाली, "मला हापशावर सगळ्यांच्या देखत बोललात. आता हे बी तिथंच बोला."

"बोलते," छबुबाई म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच हापशाच्या ओट्यावर उभी राहून, दहा बायकांच्या समोर, नाव घेऊन बोलली. काहीही लपवलं नाही. असं बोलायला छाती लागते.

चंद्रभागाबाई मात्र त्या संध्याकाळी एकच वाक्य बोलली. "सहा वर्षं मी सांभाळलं छबू, अन् माझ्यावर भरवसा न्हाई व्हय तुझा?" मग ती कुंपण चाचपत घरी गेली आणि तिने बोलणं बंद केलं. या म्हातारीचा अबोला म्हणजे गंमत नव्हे. सख्ख्या भावाशी ती नऊ वर्षं बोलली नव्हती.

झाड वाचवायचं तर आधी पाण्याला वाट करून द्यायला हवी होती. रामहरीने पुन्हा पहार काढली आणि खड्ड्याच्या उताराकडच्या अंगाला खडक फोडून चर काढला. त्यातून काळं पाणी झिरपू लागलं ते दुसऱ्या दुपारपर्यंत थांबलं नाही. ऐन चैत्रात अंगणातून पाणी वाहतंय, हे बघायला अख्खी वस्ती लोटली. टँकरची वाट बघणारी माणसं ती, त्यांना हसावं का रडावं कळेना. छबुबाईने त्यातलं थेंबभरही फुकट घालवलं नाही. घमेल्यात धरून धरून तिने ते अजिनाथच्या शेवग्याला नेऊन ओतलं.

मग तिने मुळं उघडी केली. काळी, बोटात धरली की साल निसटणारी मुळं कोयत्याने तोडली. पांढरी राखली. उरलेल्या मुळांना वरचा भार पेलणार नाही म्हणून निम्म्या फांद्याही उतरवल्या. ज्या फांद्यांवर अकरा फुलं आली होती, त्याही गेल्या. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. खड्ड्यात मुरूम आणि ओढ्यातली जाडी वाळू भरली, आणि तिने जाहीर केलं, बारा दिवस पाणी नाही.

हे वस्तीला सोसण्यासारखं नव्हतं. डोळ्यांदेखत झाड वाळतंय आणि ही बाई पाण्याला शिवू देत नाही! बायका तांब्या पदराखाली घेऊन यायच्या. "एवढंसं घालू दे गं, पाप लागंल." छबुबाई काठी घेऊन ओट्यावर बसून राही आणि आल्या बाईला तांब्यासकट परत पाठवी. एकदा रामहरीच चूळ भरल्यासारखं करून आळ्याकडे वळला, तर त्यालाही ओरडा बसला.

राहिलेली पानंही गळाली. वैशाखात तिथे नुसता खुंट उभा होता. रोज सकाळी छबुबाई नखाने सालीला जरासं खरवडायची. खाली हिरवी रेघ दिसली की जिवंत. आधी ती खांद्याच्या उंचीवर दिसायची, मग कमरेशी, मग गुडघ्याशी. तिचा जीव टांगणीला लागला होता. रामहरी म्हणाला, "जाऊ दे. औंदा कृष्णाकाठून दुसरं आणू."

"हे जगवून दाखवलं न्हाई, तर दुसरं कोणत्या तोंडानं आणू?" ती म्हणाली.

ज्येष्ठ गेला. आषाढात एके दुपारी ती खुरपणीवरून घरी आली, तर झाडापाशी चंद्रभागाबाई बसलेली. दोन्ही हात खुंटाभोवती, चेहरा भिंतीच्या बाजूला. तीन महिन्यांत ती पहिल्यांदा बोलली.

"छबू, हितं हात लाव."

छबुबाईने हात लावला. भिंतीकडच्या अंगाला, वीतभर उंचीवर, जिथे तिची नजर पोचली नव्हती, तिथे बोटाला काहीतरी टोकदार लागलं. कोंब. त्याच्याखाली दुसरा. छबुबाईला हुंदका आवरेना. खुरपं हातात तसंच घेऊन ती म्हातारीच्या गळ्यात पडली.

"रडू नको," म्हातारी म्हणाली. "पाणी न्हाई घातलं मी. नुसता हात लावलाय."

"तुमी रोज यायच्या व्हय मावशी?"

"तू कामाला गेलीस की यायचे. अबोला तुझ्याशी होता. झाडाशी न्हवता."

दिवाळीपर्यंत कोंब छातीएवढे झाले. फुलं नाहीत, आणखी दोन वर्षं येणारही नाहीत. पण पानं तकतकीत होती, वीतभर लांब. निघायच्या आदल्या दिवशी छबुबाई म्हातारीच्या दारात गेली. म्हातारीने काही बोलण्याआधीच हात हलवला.

"मला न्हाई जमायचं. माझ्या डोळ्याला आता माणूस दिसत न्हाई. दुसऱ्याला सांग."

"तुमीच करा मावशी."

"अन् जास्त पाणी पडलं तर?"

"सहा वर्षं तुमी घातलं तेव्हा कुठं जास्त पडलं?"

म्हातारीने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "दुसऱ्या कुणाला सांगितलंस?"

"न्हाई."

"खरं सांग."

"खरंच न्हाई."

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि आत जाऊन तिने कळशी दाराजवळ आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर पाराजवळ उभा राहिला. भांडी, गोधड्या, कोयते, सगळं चढलं. छबुबाई चढणार तेवढ्यात दीपमाला लगबगीने आली. हापशावरचा राग तिने तिथेच सोडला होता. "काकू," ती म्हणाली, "झाडाचं काही असलं तर सांगून ठेवा. मी हायच हितं."

छबुबाई थांबली. हापशापाशी शेवाळ धरलं होतं, तिथे म्हातारी घसरली तर? थंडीत तिला दम लागतो. कळशी उचलता आली नाही तर? आणि पाच महिन्यांत कुणाच्या शेळीने कोंब खाल्ले तर? सगळं तिच्या जिभेच्या टोकावर आलं. ट्रॉलीतून रामहरी तिच्याकडे बघत होता.

"न्हाई गं," छबुबाई म्हणाली. "मावशी बघणार हायेत."

ती वर चढली. ट्रॅक्टर सुरू झाला. ओढ्याची उतरण लागेपर्यंत तिने ट्रॉलीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.